भोंग्याची वेळ

पहाटे पाचला डोळा लागतो बाळाचा,
माझ्या डाव्या दंडावर, जिथे आता
मुंग्यांनी कायमचं बिऱ्हाड केलंय.
साडेपाचला पोदेर येतो.

पों पों.
फणसाच्या वळणावर एकदा,
आंतोनेतच्या क्रुसापाशी दोनदा,
आणि आमच्या गेटाशी, का कोण जाणे, तीनदा.

बाळ दचकतं. दोन्ही हात हवेत,
फांदी सुटल्यासारखं काहीतरी धरू बघतं,
मग रडतं.
शाल्मली उशीतून तोंड न काढताच म्हणते,
"पोय आली. फुगलेली मला."

साडेचार वर्षांची आहे. पोय फाडण्याआधी
बोट दाबून वाफ ऐकते.
बाळाला घरी आणलं त्या दिवशी
दुपट्यात डोकावून म्हणाली होती,
ह्याला पण कोंडा लावलाय.
पावडर होती ती. पण नाव चिकटलं.
बारशाला आत्याने कानात सांगितलेलं
आता फक्त लशींच्या कार्डावर आहे.

सर्वेश रात्रपाळीला, वेर्ण्याला, गोळ्यांच्या कारखान्यात.
तेव्हा मीच गेले गेटापर्यंत,
गाऊनवर ओढणी, खांद्यावर वाळलेलं दूध.
म्हटलं, आग्नेल, मूल झोपत नाही हो.
आमच्या दारात तेवढा वाजवू नका.
माझी सावंतवाडीची मराठी आणि त्याची कोंकणी
पावांच्या टोपलीवर कुठेतरी मध्येच भेटतात.
भोंग्याच्या रबरी फुग्यावरचा हात त्याने
तव्यावरून काढावा तसा काढला.
"म्हाका खबर नासली गो बाये."

दुसऱ्या दिवशी नुसती सायकलची साखळी ऐकू आली.
गेटाच्या खिळ्याला पिशवी,
चार पोया, दोन उंडे,
आवाज होऊ नये म्हणून दोनदा मारलेली गाठ.

मी जागीच होते. शांतता कशी असते
ते बघायला जागी राहिले होते म्हणा.
साडेपाच.
पाच पस्तीस.
बाळाने डोळे उघडले.
रडलं नाही. मान वळवून खिडकीकडे बघत राहिलं,
पंगतीत एक पान कमी आहे
हे एकट्यालाच कळलेल्या म्हाताऱ्यासारखं.
मग रडलं.

आणि शाल्मली सातपर्यंत उठलीच नाही.
उठली ती भांडत. व्हॅन हॉर्न देतेय,
एका पायात मोजा,
थंड पोयवर बोट दाबून म्हणते,
"ही बोलत नाही.
तू त्याला काय सांगितलंस?"

मी गॅसकडे बघत राहिले.
दूध उतू गेलं, तेही बघत राहिले.

तीन दिवस असेच.
सर्वेश साडेसातला घरी येऊन विचारायचा,
"झोपला ना आता?"
आणि उत्तर ऐकायच्या आधी स्वतःच झोपायचा,
बूट घालून.

चौथ्या पहाटे डोळा लागला माझाच.
जाग आली तर पाळण्याशी शाल्मली,
चड्डी उलटी, गाल फुगवलेले,
दोन्ही हात तोंडाशी धरून
त्याच्या कानात अगदी हळू,
पों.
पों.
पों.
बाळाचे हात हवेत गेले,
तिची एक बट सापडली, घट्ट धरली.
ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,
"त्याला कळतच नव्हतं ना सकाळ झाली ते."

मी चपला न घालता धावले.
आग्नेल क्रुसापर्यंत पोचला होता.
ओरडून सांगायचं तर आंतोनेत जागी होणार,
म्हणून नुसती मूठ दाबून दाखवली हवेत,
दाबली, सोडली, दाबली.
तो सायकल वळवून आला. इतका हसला
की पावांवरचं निळं प्लास्टिक हललं.

आता आमच्या गेटाशी तो एकदाच वाजवतो.
उरलेले दोन शाल्मली देते.
बाळ रडतं, म्हणजे रोज नाही.
माझी झोप अजून कुठे आहे माहीत नाही,
पण पोय हातात येते तेव्हा गरम असते,
आणि तिच्यावर आधीच
एक छोटा खळगा पडलेला असतो.